अनुक्रमांक दोनशे चौदा

मी रेकॉर्डकीपर आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालंच नसतं. साध्या माणसाला एखादा कागद नको असला की तो फाडतो आणि केराच्या डब्यात टाकतो. आमच्या खात्यात तसं चालत नाही. आमच्याकडे आधी कागदाचा वर्ग ठरतो. अ वर्ग म्हणजे कायम जतन. ब म्हणजे तीस वर्षं, क म्हणजे दहा, आणि ड म्हणजे एक वर्ष ठेवा आणि नष्ट करा. सव्वीस वर्षं मी हे काम करतोय आणि माझ्या ताब्यातून आजवर एक कागद गहाळ झालेला नाही. हे मी लग्नाच्या पंगतीत, केशकर्तनालयात, दवाखान्यात नंबर येईपर्यंत शेजारी बसलेल्या पेशंटला, सगळ्यांना सांगितलेलं आहे. कुणी विचारलेलं नसतं, ती गोष्ट वेगळी.

तर एका रविवारी सकाळी बायको म्हणाली, "अहो, मला ती खोली लागणार आहे."

"कुठली?"

"आपल्याकडे काय दहा आहेत?"

ती खोली म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात लहान. मी तिला घरचं ऑफिस म्हणतो. बायको गोदाम म्हणते. मुलगी कॉलेजात आहे, ती काहीच म्हणत नाही, नुसता अंगठा तिकडे करते. त्या खोलीत एक टेबल आहे याबद्दल आम्हा तिघांचं एकमत होतं, पण कित्येक वर्षांत ते कुणी पाहिलेलं नव्हतं. टेबलावर, टेबलाखाली आणि टेबलाभोवती माझे कागद होते. बंद पडलेल्या तीन इस्त्र्यांची हमीपत्रं. कधीच देऊन टाकलेल्या मिक्सरचं अकरा भाषांतलं माहितीपत्रक. काढून टाकलेल्या फोनची बिलं. मुलीच्या बालवाडीतून आलेल्या चिठ्ठ्या, 'उद्या रुमाल पाठवणे.' लग्नपत्रिका, कारण त्या मागून कोऱ्या असतात. झेरॉक्स, आणि त्या झेरॉक्स हरवल्या तर असाव्यात म्हणून काढलेल्या त्यांच्या झेरॉक्स.

"कशाला लागणार आहे?" मी विचारलं.

"मला नोकरी लागतेय."

माझ्या हातातला कप तिथेच थांबला. तिने सांगितलं ते असं. पाठ्यपुस्तकं छापणारी एक कंपनी आहे. तिथे मुद्रितं, म्हणजे छापण्याआधीची प्रुफं, तपासायचं काम आहे आणि ते घरून करायचं आहे. तिने परीक्षा दिली, दुसरी दिली, तिसरी दिली आणि तिन्हींत पहिली आली. मला यातलं अक्षरही माहीत नव्हतं.

"अगं, मला सांगायचं तरी!"

"झालं नसतं तर तुम्ही माझी समजूत घालत बसला असतात," ती म्हणाली. "ती मला नको होती."

लग्नाच्या आधीपासून मुलगी होईपर्यंत, सहा वर्षं, ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. मुलगी झाली आणि ते सुटलं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. पण सवय काही सुटली नाही. औषधाच्या खोक्यावरचा वेलांटी चुकलेला शब्द ती पेनाने दुरुस्त करते आणि मगच गोळी घेते. एकदा एका हॉटेलात तिने मेनूकार्डावर सोळा चुका काढून ते वेटरच्या हातात दिलं होतं, आणि आमची ऑर्डर घ्यायला नंतर कुणीच आलं नाही.

कंपनीच्या अटी दोन होत्या. घरात दार लावता येईल अशी वेगळी खोली हवी. ती दहा दिवसांनी, बुधवारी, व्हिडिओवर दाखवायची. आणि त्यानंतर दोन दिवसांत मूळ कागदपत्रं नेऊन द्यायची. यातलं एक जरी हुकलं तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावणार होते.

"कुठली कागदपत्रं ते नंतर कळवणार आहेत," ती म्हणाली. "पण त्याची मला काळजी नाही. कागदाचं बघायला तुम्ही आहात. मला धास्ती आहे ती त्या खोलीची."

माझी छाती फुगली. मी म्हणालो, "खोली माझ्यावर सोड. तू बघच."

मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज. साध्या पद्धतीने करा."

साध्या पद्धतीने! सव्वीस वर्षं सेवा झालेल्या माणसाला हे ऐकवायचं? मी त्याच दिवशी दुकानात गेलो आणि तीन जाड रजिस्टरं, चार डझन फाइली, सहा खोकी, डिंक, पंच आणि चार रंगांची लेबलं घेऊन आलो. हे सगळं खोलीत ठेवल्यावर मला आत जाता येईना. म्हणजे कागद कमी करायच्या पहिल्या दिवशी खोलीतला कागद वाढला. पण कुठलंही मोठं काम सुरुवातीला असंच दिसतं, अशी मी माझी समजूत घातली.

समोरच्या दारात राहणाऱ्या शेजाऱ्यांना आम्ही घरात 'अनुभवी' म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'माझा अनुभव आहे' असं सुरू होतं. त्यांनी खोकी वर येताना पाहिली आणि चपला न घालताच आले.

"माझा अनुभव आहे," ते म्हणाले, "कागद टाकू नये. टाकला की आठवड्यात लागतो."

"मग काय करावं?"

"ठेवावा."

"कुठे?"

"त्याचा मला अनुभव नाही," असं म्हणून ते गेले. जाताना एक कोरं खोकं मात्र घेऊन गेले.

ठेवायचं तर कपाट हवं, हे मला पटलं. मी जुन्या फर्निचरच्या दुकानातून लोखंडी कपाट मागवलं. मुलगी म्हणाली, "खोली रिकामी करायला कपाट?" मी तिला वर्गीकरणाला जागा लागते हे समजावून सांगत होतो, तेवढ्यात दोन हमाल कपाट घेऊन आले. दारातून ते आत आलं. पण आमच्या बोळकांडीत जे वळण आहे, तिथे ते अडलं. उभं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं, तिरकं केलं तेव्हा दिव्याचं शेड गेलं. शेवटी एक हमाल म्हणाला, "साहेब, एक तर कपाट कापा नाहीतर भिंत." मी दोन्हीला नकार दिला. तेव्हा त्यांनी कपाट बाहेर जिन्यापाशी ठेवलं, आमच्या आणि अनुभवींच्या दारांच्या मधोमध, आणि ते गेले.

तासाभरात सोसायटीच्या सेक्रेटरीची नोटीस आली. सामाईक जागेत अडथळा. तीन दिवसांत खुलासा द्यावा. आता खुलासा मागितला की माझ्यातला कर्मचारी जागा होतो. मी दोन पानी खुलासा लिहिला, सोबत कपाटाच्या मापाचा नकाशा जोडला आणि मुदतवाढ मागितली. सेक्रेटरी म्हणाले, मुदतवाढीचा अर्ज वेगळा द्या, आणि नकाशाच्या तीन प्रती द्या. मी दिल्या. त्यांनी पोच दिली. पोच मी फाइलला लावली. फाइलचं नाव 'कपाट' ठेवलं. तीन दिवसांत ती फाइल बोटभर जाड झाली आणि मग तीच ठेवायला मला जागा हवी झाली. अनुभवी रोज दार उघडून कपाटाला वळसा घालून जिना उतरायचे आणि जाताना म्हणायचे, "माझा अनुभव आहे, हे इथून हलणार नाही." शेवटी दुकानदाराने ते परत नेलं. नेताना तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मी विसरायचा प्रयत्न करतोय.

सहा दिवस गेले. टेबल अजून दिसलेलं नव्हतं. बायको विचारायची, "कुठवर आलंय?" मी म्हणायचो, "प्रक्रिया सुरू आहे." सातव्या दिवशी तिने विचारणं बंद केलं आणि स्वयंपाकघरातला ओटा मोजायला लागली. कंपनीला काय दाखवायचं याचा ती विचार करत होती. ते बघून मला फार वाईट वाटलं. मी रजा टाकली आणि कंबर कसली.

आता खात्याच्या नियमाप्रमाणे कागद नष्ट करायचा तर तीन जणांची समिती लागते. एकट्याच्या मर्जीने कागद मरत नाही, हे आमच्या खात्याचं मोठेपण. मी समिती नेमली. अध्यक्ष मी, सदस्य बायको, सदस्य-सचिव मुलगी. दोन दिवस बसून प्रत्येक कागदाची रजिस्टरात नोंद केली. अनुक्रमांक, तारीख, विषय, वर्ग, शेरा. एकूण सहाशे अठ्ठ्याऐंशी कागद झाले. त्यांतले ड वर्गाचे पाचशेच्या वर निघाले. मग मी रजिस्टर समितीपुढे सह्यांसाठी ठेवलं. मुलीने मोबाइलवरची नजर न काढता सही केली. बायको कंपनीच्या शुद्धलेखनाच्या नियमांचं पुस्तक पाठ करत होती.

"काय आहे?" तिने विचारलं.

"काही नाही गं. फालतू कागदांची यादी. सही कर."

तिने माझ्याकडे पाहिलं, रजिस्टराच्या जाडीकडे पाहिलं आणि शेवटच्या पानावर सही केली.

सह्या झाल्या, पण नष्ट कसे करायचे? रद्दीवाल्याला द्यायचे तर आमच्या नियमात बसत नाही, कारण कागदावर नावं-पत्ते असतात, कुणी गैरवापर केला तर? फाडायला बसलो तर सत्तर कागदांत बोटं सुजली. अनुभवींनी त्यांच्या मुलाचं कागद कापायचं यंत्र आणून दिलं. त्याने चार कागद खाल्ले, पाचव्याला घरघर केली आणि धूर सोडला. त्यावर ते म्हणाले, "माझा अनुभव आहे, हे असंच करतं." मग मला एक नामी उपाय सुचला. न्हाणीघरात मोठा टब आहे. त्यात पाणी भरून कागद भिजत घालायचे. दोन तासांत शाई जाते, चार तासांत लगदा होतो. ना धूर, ना गैरवापर. मी स्वतःवरच खूश झालो.

पाचशे कागदांचा लगदा झाला. तो मी टबातून थोडा थोडा सोडत होतो. पहिल्या दोन बादल्या गेल्या. तिसरी गेली नाही. चौथी सोडली तेव्हा पहिली परत आली. मग खालच्या मजल्यावरून फोन आला की त्यांच्या बेसिनमधून काहीतरी पांढरं वर येतंय आणि त्यावर 'रुमाल' असं लिहिलंय.

प्लंबर आला. त्याने पाइप उघडला, आत तार घातली आणि राखाडी गोळे काढून वर्तमानपत्रावर एका ओळीत मांडले.

"साहेब, हे काय आहे?"

"कागद."

"कागद पाइपात कशाला?"

मी त्याला गैरवापराचा मुद्दा सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही काय काम करता, साहेब?"

"रेकॉर्ड सांभाळतो."

"कुणाचं?" असं म्हणून तो पुन्हा पाइपात तार घालू लागला. मी बाहेर येऊन उभा राहिलो.

पण काही म्हणा, खोली रिकामी झाली! अ, ब आणि क वर्ग खोक्यांत जाऊन मुलीच्या पलंगाखाली गेले. टेबल सापडलं. ते गडद तपकिरी निघालं, मला पिवळं आठवत होतं. बुधवारी सकाळी बायकोने कंपनीतल्या बाईंना व्हिडिओवर खोली दाखवली. दार लावून दाखवलं, उघडून दाखवलं. बाई म्हणाल्या, "वा, किती नीटनेटकी खोली!" मी दाराआड उभा होतो. मला इतका आनंद झाला की मी मुलीला टाळी दिली, आणि तिनेही चक्क दिली.

अर्ध्या तासाने कागदपत्रांची यादी आली. ओळखपत्र, पदवीचं मूळ प्रमाणपत्र आणि आधीच्या नोकरीचं मूळ अनुभवपत्र. शुक्रवारी दुपारी चारच्या आत.

"काढून देता?" बायको म्हणाली. ती अजून हसत होती.

मी ऐटीत रजिस्टर उघडलं. ओळखपत्र, मिळालं. पदवी, अ वर्ग, खोकं क्रमांक एक, मिळाली. मग मी बोट खाली खाली नेत गेलो आणि मध्येच थांबलो. छापखान्याचं ते पत्र मला आठवलं. एका पानाचं, पिवळं पडलेलं, वर 'तात्पुरती नेमणूक' असं लिहिलेलं. आमच्या खात्यात तात्पुरत्या नेमणुकीचे कागद ड वर्गात जातात. त्यात विचार करावा लागत नाही. हात आपोआप जातो.

"सापडत नाहीये का?" ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावरून वाकून वाचायला लागली. मी पान उलटायला गेलो. तिने हात ठेवला.

मुद्रितं तपासणाऱ्या माणसाची बोट ठेवून वाचायची एक पद्धत असते. एक ओळ, मग पुढची, काही सुटत नाही. तिचं बोट दोनशे तेरावर आलं. विषय, मला शाळेत वक्तृत्व स्पर्धेत मिळालेलं उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र. वर्ग अ. कायम जतन. मग बोट दोनशे चौदावर आलं. विषय, पत्नी, छापखान्याचं अनुभवपत्र, जावक क्रमांक एकशे सात, सहा वर्षे. वर्ग ड. शेरा, 'तात्पुरती नेमणूक, संपुष्टात. उपयुक्तता नाही. नष्ट.'

तिने ती ओळ दोनदा वाचली.

"अक्षर छान आहे तुमचं," ती म्हणाली.

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो, हे माहीत असूनही मी म्हणालो, "पण यादीवर तुझीही सही आहे."

"आहे ना," ती म्हणाली. "आयुष्यात एकदाच न वाचता सही केली. तुम्ही म्हणालात म्हणून."

ती नव्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दार फार छान लागतं, हे मला तेव्हा कळलं. मुलगी माझ्याकडे बघत उभी होती. ती म्हणाली, "बाबा, आता काहीतरी करा. पण प्रक्रिया नको."

गुरुवारी सकाळी मी तिच्या जुन्या छापखान्यात गेलो. दुसरी प्रत मागून आणावी, काम संपलं, असा माझा हिशोब होता. तिथे रेकॉर्ड सांभाळणारे एक गृहस्थ होते, माझ्याच वयाचे, कोपरांवर घासलेला सदरा, कानावर पेन्सिल. त्यांना बघून मला घरी आल्यासारखं वाटलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी एक रजिस्टर काढलं, पान उघडलं आणि माझ्यापुढे फिरवलं.

"तात्पुरत्या कर्मचाऱ्यांचे कागद आम्ही एक वर्ष ठेवतो. मग नष्ट. ही बघा नोंद. ही समितीच्या तीन सह्या. आमच्याकडे आजवर एक कागद गहाळ झालेला नाही."

मला काय झालं कुणास ठाऊक. माझा आवाज चढला. "अहो, बाईने सहा वर्षं काम केलं इथे! तुमची पुस्तकं तिने तपासली! आणि तुम्ही वर्षभरात तिचा कागद टाकून देता? काही वाटत नाही तुम्हाला?"

यंत्रावरचे दोघेजण वळून बघायला लागले. ते गृहस्थ मात्र जराही चिडले नाहीत.

"मूळ पत्र आम्ही त्यांच्या हातात दिलं होतं की, साहेब," ते म्हणाले. "ते कुठे गेलं?"

मी जिना उतरलो. खाली एक बाकडं होतं, त्यावर बसलो. खरं सांगतो, त्या माणसाचा मला राग आला नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर शब्दन् शब्द हेच बोललो असतो, आणि वर पाणी विचारलं असतं. तो नंतर लागलेला, त्याने निदान तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

घरी आलो तर बायकोने माझी वाट न बघता कंपनीतल्या बाईंना फोन लावला होता आणि जे घडलं ते तसंच्या तसं सांगितलं होतं. समिती, वर्ग, टब, पाइप, सगळं. बाई म्हणाल्या, "कागद नष्ट केल्याची लेखी नोंद आहे?" ही म्हणाली, "आहे. जावक क्रमांकासकट." तेव्हा बाई म्हणाल्या की मग एक मार्ग आहे. त्या रजिस्टराचं पान आणायचं, आणि ज्याने कागद नष्ट केला त्याने नोटरीपुढे प्रतिज्ञापत्र करून द्यायचं. काय नष्ट केलं, कधी केलं आणि का केलं. ते ठीक वाटलं तर कंपनी मान्य करेल. पण शुक्रवारी चारच्या आत.

"म्हणजे मी लिहून द्यायचं?" मी विचारलं. "शपथेवर?"

"नष्ट तुम्हीच केलंत ना?"

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं नोटरीकडे गेलो. रांगेत पंधरा-वीस माणसं होती. नोटरी आत होते. बाहेर टेबलावर एक टायपिस्ट बाई मजकूर टाइप करत होत्या, आणि त्यांचा आवाज असा खणखणीत होता की प्रत्येकाची भानगड अख्ख्या रांगेला कळत होती. आमचा नंबर आला.

"बोला."

मी बोललो. बाई टाइप करता करता मोठ्याने म्हणत गेल्या, "मी, खाली सही करणार, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझ्या पत्नीचे मूळ अनुभवपत्र मी स्वतःच्या हाताने नष्ट केले." मागे कुणीतरी चक् केलं. एका आजोबांनी कानाचं यंत्र नीट केलं.

"कसं नष्ट केलं?"

"पाण्यात भिजवून," मी हळूच म्हणालो.

"पाण्यात भिजवून!" बाई म्हणाल्या, आणि ते वाक्य रांगेच्या टोकापर्यंत गेलं. "बरं. कारण?"

कारण मी रात्रीच तयार ठेवलं होतं. खात्यात असल्या वेळी एकच शब्द वापरतात आणि तो कधी फसत नाही.

"नजरचुकीने," मी म्हणालो.

"नजरचुकीने नाही," बायको म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "नीट वाचून केलंत. शेराही लिहिलात. खोट्यावर शपथ नको."

टायपिस्ट बाईंची बोटं कीबोर्डवर थांबली. "मग काय लिहू? कारण रिकामं ठेवता येत नाही."

मी रांगेकडे पाहिलं. कुणी मदतीला येईल असं दिसत नव्हतं. तिच्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षं ती औषधांची खोकी दुरुस्त करत होती, मी समोर बसून चहा पीत होतो, आणि मला ते गमतीचं वाटत होतं. चारचौघांत मी ती गंमत म्हणून सांगायचो.

"लिहा," मी म्हणालो. "हिला पुन्हा कधी नोकरी करावीशी वाटेल, असं मला वाटलं नाही. म्हणून नष्ट केला."

बाईंनी टाइप करायला घेतलं. बायको स्क्रीनकडे वाकून वाचत होती. "थांबा," ती म्हणाली. "'पुन्हा कधी' नको. मला रोजच वाटत होतं."

"तू कधी बोलली नाहीस," मी म्हणालो.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

टायपिस्ट बाईंनी चष्मा वर केला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, "मग कारणात काय टाकू, साहेब?"

"तेच टाका," मी म्हणालो. "तिला काम करायचं आहे का, हे मी एकोणीस वर्षांत विचारलं नाही."

त्यांनी ते टाइप केलं. बायकोने ते वाचलं, एक विरामचिन्ह बदलायला लावलं आणि म्हणाली, "आता बरोबर आहे." मी सही केली. नोटरींनी आतून शिक्का मारला. बाहेर पडताना त्या आजोबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

साडेतीनला कागद कंपनीत पोचले. बाईंनी आमच्यासमोरच प्रतिज्ञापत्र वाचलं. वाचताना आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि बायकोला म्हणाल्या, "मी बारा वर्षं कागद तपासते. खरी प्रमाणपत्रं बघितली, खोटी बघितली. पण वाचल्यावर फोन करून कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही, असा हा पहिलाच." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला मात्र आम्ही नोकरी दिली नसती."

सोमवारी ती रुजू झाली. सकाळी नऊला त्या खोलीत गेली, तपकिरी टेबलाशी बसली आणि लाल पेन उघडलं. दहा वाजता टपालाने कंपनीचं पाकीट आलं. आत प्रतिज्ञापत्राची एक प्रत होती, आमच्या माहितीसाठी म्हणून पाठवलेली. माझी रजा संपली नव्हती, म्हणून मी घरीच होतो. ती प्रत घेऊन घरभर फिरलो. रजिस्टर उघडलं आणि मिटलं. मग त्या खोलीच्या दाराशी जाऊन टकटक केली आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका कागदाबद्दल दुसऱ्या माणसाला विचारलं, "हा कुठे ठेवू?"

तिने मान वर केली नाही. एक ओळ संपवली, समासात खूण केली आणि म्हणाली, "इथे टेबलावर ठेवा. काम संपलं की वाचून सांगते."

मी कागद तिच्या हाताशी ठेवला आणि बाहेर येताना दार हलकेच ओढून घेतलं.